वायरशिवाय एक ओळ

अलीगंज, लखनऊ
९ एप्रिल १९९६

चि. मुक्ता,

आशीर्वाद आहेतच. ते तू मागितलेस की नाही यावर अवलंबून नसतात.

फोन करून काम झालं असतं. पण मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून फोन लावला की उल्हासराव उचलतात आणि तू आंघोळीला गेलेली असतेस. सकाळी आंघोळ, संध्याकाळी आंघोळ, रविवारी भरदुपारी आंघोळ. पुण्याला पाणी का पुरत नाही ते मला आता कळलं. जावई बिचारे सभ्य, त्यांना धड खोटंही बोलता येत नाही. "बाबा, ती जरा... आंघोळीला," असं म्हणताना ते मध्येच थांबतात, आणि त्यांच्यामागे तुझी भांड्यांची आदळआपट मला लखनऊपर्यंत ऐकू येते. म्हणून हे पत्र.

डिसेंबरात चारबाग स्टेशनवर जे झालं त्याबद्दल मी लिहीत नाहीये. मला पुण्याला कायमचं न्यायला तू आलीस, मी हो म्हणालो, तू माझं सामान बर्थखाली लावलंस, आणि गाडी हलायच्या आधी मी खाली उतरलो. ते आपण दोघांनीही पाहिलं आहे, पुन्हा लिहून काय होणार. माझी बॅग तुझ्याकडेच आहे. तिच्यातला स्वेटर उल्हासरावांना होत असेल तर त्यांनी घालावा.

पत्र फ्रिजच्या सॉकेटबद्दल आहे. परवा दूध काढायला गेलो तर फ्रिजमागून जळका वास आला. प्लग ओढला तर एक पिन काळी पडलेली, आणि सॉकेटचं एक भोक वितळून वाकडं झालेलं. बाजारातल्या हरिहर मिस्त्रीला बोलावलं. तो म्हणाला, "कुछ नहीं हुआ है, डॉक्टर साहब, प्लग खराब है." त्यानं प्लगच कापून टाकला, वायरीची उघडी टोकं त्याच सॉकेटच्या भोकांत घातली आणि ती निसटू नयेत म्हणून बाजूला आगपेटीच्या काड्या खोचल्या. गुलासकट. मी काही बोलायच्या आत म्हणतो, "अरे साहब, पूरा लखनऊ ऐसे ही चल रहा है." फ्रिज चालतोय हे खरं. पण मी स्वयंपाकघरात पाठ करून उभा राहत नाही.

तुला माहीत आहे, मी जन्मभर शेवाळांवर काम केलं. शेवाळाला सॉकेट लागत नाही. विजेचं जे काही असायचं ते तुझी आई बघायची, म्हणजे मिस्त्रीच्या डोक्यावर उभी राहायची. तिला जाऊन दोन वर्षं होत आली, आणि माझ्यात ते डोक्यावर उभं राहण्याचं कसब नाही. तू इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहेस. एखाद्या परक्या माणसानं पत्र लिहून विचारलं असतं तरी तू उत्तर दिलं असतंस. मला परका समजून दे.

तब्येत उत्तम आहे.

बाबा


२७ एप्रिल

चि. मुक्ता,

पोस्टकार्ड मिळालं. वर 'ती. बाबांस' नाही, खाली 'तुझी मुक्ता' नाही. पोस्टमननं ते मला दिलं यावरूनच ते मला असावं. पण अक्षर तुझं, आणि कार्ड दोन्ही बाजूंनी भरलेलं. मी व्हरांड्यात उभ्यानंच वाचलं.

"काड्या आजच काढा. मेन बंद केल्याशिवाय कशालाही हात लावू नका. टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून तो पेटतो याची खात्री करा, मगच बंद केलेल्या पॉइंटवर लावा. जळलेला सॉकेट खरवडून वापरू नका, फेका. आत ॲल्युमिनियमची वायर निघाली तर तिला तांब्याची वायर पिळून वर टेप गुंडाळू नका. दोन्ही धातू तापले की वेगवेगळे फुगतात, जोड सैल पडतो आणि जळतो. तुमचा जळला तो यानेच."

कसं कळलं तुला? खरंच ॲल्युमिनियम निघालं. काळ्या टेपच्या आत दोन वायरी एकमेकींना पिळलेल्या, एक पांढरी, एक तांबडी, आणि मध्ये राख.

हरिहरला बोलावलं नाही. लाटूश रोडला जाऊन तांब्याची वायर, तीन पिनांचा सॉकेट, टेस्टर आणि एक पकड घेऊन आलो आणि स्वतः बसलो. तू कार्डावर आकृती काढली होतीस: समोरून बघताना उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल, वर अर्थ. मी बरोबर तसंच केलं. मेन चालू करून टेस्टर लावला तर तो डाव्या भोकात पेटला. पुन्हा उघडून पुन्हा जोडलं, पुन्हा डावीकडेच पेटला. मग लक्षात आलं. स्क्रू सॉकेटच्या मागे असतात, तेव्हा डावं-उजवं उलटं होतं हे मला समजलेलं होतं. मी ते मनात उलटं करत होतो. आणि त्यावर आणखी एकदा उलटं करत होतो. सूक्ष्मदर्शकात चित्र उलटं दिसतं, तेव्हा दिसेल त्याच्या उलट समजायची सवय तीस वर्षांची. हात आपोआप करत होते. तिसऱ्या खेपेला चष्मा पुसून पाहिलं तर प्रत्येक स्क्रूजवळ इंग्रजी अक्षर कोरलेलंच आहे. उंटावरचा शहाणा म्हणतात तो हाच.

आता फेज उजवीकडे आहे. फ्रिज चालू आहे. मी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बराच वेळ बसलो होतो. हे कुणाला सांगावं असं वाटलं, आणि सांगायला मिश्राजी सोडले तर कुणी नव्हतं. शेजारचे गोपीनाथ मिश्रा, बँकेतून रिटायर झालेले. त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बहुत बढ़िया, भाईसाहब, पर मिस्त्री को क्यों नहीं बुलाया?"

घरातले बाकीचे पॉइंटही असेच असणार. पुढे काय करू?

बाबा


२ जून

चि. मुक्ता,

या वेळी अंतर्देशीय पत्र आलं, आणि त्यात अख्ख्या घराचा नकाशा. आपल्या घराची एकेक भिंत तुला पाठ आहे. बेडरूममधलं कपाट कुठे आहे तेसुद्धा तू दाखवलंस. मी नकाशात तुझ्या जुन्या खोलीवर बोट ठेवून बसलो. तिथे तू फक्त 'एक सॉकेट, पाच अँपिअर' लिहिलं आहेस.

ऊन असं आहे की नळाचं पाणी चहाला चालेल. कूलर बाहेर काढला. त्याच्या पत्र्याला ओल्या हातानं शिवलं की मुंग्या येतात. हे मी हरिहरला रस्त्यात सांगितलं तर त्याच्याकडे उपाय तयार होता. "ऊपर वाला छेद नीचे काले तार से जोड़ दीजिए, एक ही बात है." काळी वायर म्हणजे न्यूट्रल. मी जवळजवळ करणार होतो. त्याच दिवशी तुझं पत्र आलं आणि त्यात अधोरेखित करून लिहिलेलं: "अर्थ न्यूट्रलला जोडू नका. कुठेतरी न्यूट्रल तुटला तर कूलरचा सगळा पत्रा जिवंत होईल आणि तुम्ही तो धरून उभे असाल." 'तुम्ही' असं लिहिलंस. 'माणूस' असं लिहिता आलं असतं. मी ते वाक्य दोनदा वाचलं, आता काय म्हणायचं ते म्हण.

आपल्या घरात सॉकेटचं तिसरं भोक नुसतं शोभेचं होतं. मागे काहीच जोडलेलं नव्हतं. इतकी वर्षं आपण त्यात पिन घालत होतो आणि निर्धास्त होतो.

तू सांगितलंस तसा मागच्या अंगणात पेरूजवळ खड्डा करून घेतला, धातूची पट्टी पुरली, कोळसा आणि मीठ भरलं, हिरवी वायर प्रत्येक सॉकेटपर्यंत नेली. फेज आणि अर्थ यांच्यात बल्ब लावून पाहिला. पहिल्या आठवड्यात लख्ख पेटला. मग जमीन वाळली आणि बल्ब मलूल झाला. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं तशी त्याला तरतरी आली. तेव्हापासून मी रोज संध्याकाळी तिथे पाणी घालतो.

मिश्राजी कुंपणावरून बघत होते. एक दिवस हळूच म्हणाले, "भाईसाहब, भाभीजी की याद में कोई पौधा लगाए हैं क्या? अभी निकला तो नहीं है." मी म्हटलं, अर्थिंगला पाणी घालतोय, उन्हाळ्यात जमीन ओली ठेवावी लागते. "अच्छा, अच्छा," ते म्हणाले. "कल से शाम की चाय हमारे यहाँ पीजिए." त्यांना वाटतं माझं डोकं फिरलं. मी चहाला जातो. चहा चांगला असतो.

मुक्ता, तू लिहितेस ते सगळं मी करतो. तू वेळ काढून लिहितेस हे मला कळतं. पण तुझ्या पत्रात वायर सोडून एक अक्षर नसतं. एक ओळ लिही की कधीतरी. पावसाबद्दल लिही. उल्हासरावांचं वजन वाढलं असेल तर ते लिही. वायरशिवाय एक ओळ, बाकी माझं मागणं नाही.

बाबा


१४ जुलै

मुक्ता,

अक्षर तिरकं दिसेल. नवं पेन आणलंय, ते नीट चालत नाही.

एक तात्त्विक प्रश्न आहे. शेजारच्या मिश्राजींच्या बाबतीत झालं. त्यांना बैठकीतला जुना सॉकेट बदलायचा होता. उकाडा फार, मेन बंद केलं तर पंखाही बंद होतो, म्हणून त्यांनी फक्त त्या सॉकेटचं बटण बंद केलं आणि स्टुलावर चढले. बटण बंद असूनही त्यांना झटका बसला आणि ते स्टुलावरून खाली आले. नंतर पाहिलं तर जुन्या मिस्त्रीनं बटण न्यूट्रलवर बसवलेलं होतं. म्हणजे बटण बंद, पण फेज आत तशीच उभी. असं असू शकतं का? मी त्यांना सांगितलं होतं मेन बंद करा म्हणून, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. त्यांना विशेष काही लागलं नाही.

दुसरं म्हणजे बैठकीत एकाच भिंतीवर ओळीनं सॉकेट आहेत. आधीच्या मिस्त्रीनं येणारी आणि पुढे जाणारी, दोन्ही वायरी प्रत्येक सॉकेटच्या एकाच स्क्रूखाली कोंबल्या आहेत. तसंच ठेवू का?

बाबा


२२ ऑगस्ट

चि. मुक्ता,

मिश्राजींचं मनगट बरं आहे. मी तुला मनगटाचं लिहिलं नव्हतं, तरी तू पत्राच्या शेवटी विचारलंस, "मिश्राजींनी मनगटाचा एक्स-रे काढला का?" काढला. हाड मोडलं नव्हतं, नुसती सूज होती. आता ते उजव्या हातानं पेला धरू शकतात. तू त्यांना निरोप दिला होतास, "बटण म्हणजे मेन नव्हे. पंख्यावाचून कुणी मरत नाही." तो निरोप मी पोचवला. ते ओशाळले.

बैठकीतल्या ओळीचं तू लिहिल्याप्रमाणे केलं. दोन वायरी एका स्क्रूखाली नाहीत. प्रत्येक बोर्डाच्या मागे चिनी मातीचा कनेक्टर, येणारी-जाणारी वायर त्यात, आणि तिथून सॉकेटपुरता एक छोटा तुकडा. त्याला मी शेपटी म्हणतो. आता एखादा सॉकेट बिघडला तर त्याच्यापुरतीच शेपटी बंद, पुढची सगळी ओळ मरत नाही. वायरचं टोक दुमडून स्क्रूखाली घालतो, स्क्रू फिरतो त्याच दिशेनं वळवतो, तांबं बाहेर दिसू देत नाही. आणि शेवटी ओढून बघतो. "हातात आली तर तो जोड नव्हताच," असं तू लिहिलंस. माझ्या पहिल्या चारांतले तीन हातात आले. आता येत नाहीत.

सगळं झालं, मुक्ता. फ्रिजला मेनपासून स्वतःची वेगळी लाइन, कूलरला वेगळी, बेडरूमला वेगळी. बटणं सगळी फेजवर. तुझ्या खोलीतलाही सॉकेट बदलला, जरी तिथे लावायला काही नाही. मी प्रत्येक पॉइंटवर टेबल-लॅम्प लावत सगळं घर फिरलो. सगळीकडे लागला. मग तो बंद करून ठेवून दिला.

आता काही अडलं तर लिहीनच.

बाबा


२८ सप्टेंबर

चि. मुक्ता,

महिना झाला, तुझं कार्ड नाही. बरोबर आहे, मी काही विचारलंच नव्हतं.

एक अडचण आली आहे. बेडरूममध्ये इस्त्री लावली की स्वयंपाकघरातला फ्रिज बंद पडतो. इस्त्रीचा प्लग काढला की फ्रिज पुन्हा चालू. दोनदा करून पाहिलं. फ्यूज ठीक आहे. टेस्टर दोन्हीकडे उजव्या भोकात पेटतो. कुठे चुकलं असेल? तू सविस्तर लिहिलंस तर बरं, आकृतीसह. घाई नाही, पण फार उशीरही करू नकोस, दूध नासतं.

इकडे हवा बदलली आहे. कूलर झाकून ठेवला. मिश्राजी सहकुटुंब मुलाकडे कानपूरला गेले आहेत, महिन्याभरासाठी. त्यामुळे संध्याकाळचा चहा घरीच.

बाबा


२० ऑक्टोबर

मुक्ता,

तुझं कार्ड समोर आहे. "तुमची इस्त्री आणि तुमचा फ्रिज यांचा मेनच्या अलीकडे एकमेकांशी काही संबंध नाही. दोन वेगळ्या लाइनी आहेत. नकाशा मी काढला, वायर तुम्ही ओढलीत. तुम्ही लिहिता तसं होऊ शकत नाही. खरं काय झालंय ते लिहा."

शेवटचं वाक्य वायरशिवायचं आहे. मनगटाच्या एक्स-रेचं सोडलं तर इतक्या महिन्यांत पहिलं.

खरं काय झालंय? काही झालेलं नाही. घरात एकही गोष्ट बिघडलेली नाही. तीच पंचाईत आहे. मी सगळे बोर्ड उघडून पाहिले, एखादा स्क्रू तरी सैल निघेल म्हणून. एकही निघाला नाही. मग मी खुर्चीत बसून दोष रचला. अभ्यास कच्चा, म्हणून पकडला गेलो.

आणि स्टुलावरून मिश्राजी पडले नाहीत, हे तुला जुलैमध्येच कळलं होतं. तेव्हा घाबरलो ते विजेला नाही. पडल्या पडल्या मनात आलं ते हेच, की आता मुक्ता म्हणेल, बघा, म्हटलं नव्हतं? आणि ती म्हणेल ते खरं असेल, आणि मला बॅग भरावी लागेल. म्हणून मिश्राजींना पुढे केलं. चोराच्या मनात चांदणं, म्हणून पेनाचाही बहाणा आधीच करून ठेवला.

माझी गंमत बघ. बिघाड कळवला नाही तर तू लिहीत नाहीस. बिघाड कळवला तर तू मला इथून उचलून नेशील ही भीती. म्हणून एवढाच बिघाड कळवायचा की तू लिहावंस आणि यावंस मात्र नाही. हे असलं माप काढत मी उन्हाळा आणि पावसाळा काढला.

आता चारबागचंही लिहितो, कारण तू खरं विचारलंस. तू माझ्यावर रागावलीस ते मला तुझ्याकडे यायचं नव्हतं असं वाटून. तसं नव्हतं. खिडकीची जागा तू मला दिलीस, उशाला शाल ठेवलीस, आणि म्हणालीस, "आता तुम्हाला कशालाही हात लावावा लागणार नाही, बाबा. नुसतं बसायचं." तू मायेनं म्हणालीस. मला दिसलं ते असं: मी तुमच्या बैठकीत बसलो आहे, तुम्ही दोघं कामाला गेला आहात, आणि मी दाराच्या घंटीकडे कान लावून संध्याकाळची वाट बघतो आहे. कुणी आलं तर तू सांगते आहेस, हे माझे बाबा, आता इथेच असतात. मी उतरलो. इथे एकटा असलो तरी नळाची गळती माझी, दाराची कडी माझी.

पण हेही खरं की ते एकटेपण मला झेपत नाही. तुझी आई असताना मी दिवसचे दिवस बोलायचो नाही, आणि मला वाटायचं मला बोलायला लागतच नाही. ते ती बाजूला होती म्हणून. मिश्राजी गेल्यापासून माझा आवाज मी फक्त भाजीवाल्याशी बोलताना ऐकतो. "भैया, आधा किलो." परवा तो म्हणाला, "बाबूजी, अकेले आदमी हो, पाव भर ले लो, सड़ जाएगी." मी पावशेर घेतली आणि घरी येऊन रडलो. भाजीसाठी रडणारा माणूस तू पाहिला नसशील.

मला तुझी फार आठवण येते. वायरची नाही, तुझी. हे पत्र मी टाकणार आहे, फाडणार नाही.

या पत्रात प्रश्न नाही. त्यामुळे उत्तर द्यायलाच हवं असं काही नाही.

बाबा


१८ नोव्हेंबर १९९६

चि. मुक्ता,

तुझं पत्र काल आलं. वर 'बाबा' लिहिलंस. मी बाकीचं वाचायला जरा वेळ लावला.

माझ्या पत्रातल्या कुठल्याच गोष्टीला तू उत्तर दिलेलं नाहीस. लिहितेस, "बाबा, आमच्याकडे एक अडचण आली आहे. स्वयंपाकघरात मिक्सर लावला की बेडरूममधला पॉइंट बंद पडतो. मिक्सर काढला की पुन्हा चालू. मला ऑफिसातून वेळ होत नाही, उल्हासला यातलं काही कळत नाही, आणि इथले मिस्त्री काड्या खोचणारे आहेत. पत्रातून समजावता येईल असं वाटत नाही. काय करू?"

मी नीट विचार केला. तुमच्या फ्लॅटचं काम चालू होतं तेव्हाचं उल्हासरावांनी मला कौतुकानं सांगितलेलं आहे. तू रोज ऑफिस सुटल्यावर तिथे जाऊन उभी राहायचीस आणि प्रत्येक खोलीची लाइन मेनपासून वेगळी ओढून घेतलीस. तेव्हा स्वयंपाकघरातला मिक्सर आणि बेडरूममधला पॉइंट यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तू लिहितेस तसं होऊ शकत नाही. हे मला तूच शिकवलंस.

पण आम्ही शेवाळवाले प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मत देत नाही.

पुढच्या सोमवारच्या गाडीचं तिकीट काढलं आहे. मिश्राजी कानपूरहून परत आले आहेत, घराची किल्ली त्यांच्याकडे देतो आहे. टेस्टर, पकड आणि कनेक्टर मी घेऊन येतो, तुमच्याकडे धड मिळतील न मिळतील. काम किती दिवसांचं आहे ते बोर्ड उघडल्यावर कळेल. जुनाट दोष असेल तर वेळ लागतो.

उल्हासरावांना स्टेशनवर यायला सांग. तुला वेळ नसतो, माहीत आहे. आलीस तर मात्र लांबून हात कर, मला गर्दीत माणसं पटकन ओळखू येत नाहीत.

आणि मी पोचेपर्यंत त्या बोर्डाला हात लावू नकोस.

बाबा